हळव्या स्वभावाच्या माणसाला न्यायाधीशाची नोकरी झेपते का?

तुमचं पत्र लांब आहे, पण त्यातला गाभा थोडक्यात असा. वय सव्वीस, तालुक्याच्या कोर्टात वकिलीचं दुसरं वर्ष. पदवी झाल्या झाल्या दिलेल्या न्यायाधीशपदाच्या परीक्षेत मुलाखतीपर्यंत पोचलात आणि तिथून परत आलात. वडील म्हणतात, मानाची नोकरी आहे, सोडू नकोस. तुमचे सीनियर म्हणतात, एकटी पडशील, बदल्यांत आयुष्य जाईल. पगार, दबाव, बढती याबद्दलही तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘मी हळवी आहे, साक्ष देताना कुणी रडलं की मलाही भरून येतं, हे काम मला झेपेल का?’

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं नियमांत आणि शासन निर्णयांत सापडतात, तीही मी देते. पण आधी झेपण्याबद्दल बोलू.

मी १९९५ साली, पाच वर्षं वकिली करून, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून रुजू झाले. बोलताना आपण याला नुसतं ‘जेएमएफसी’ म्हणतो. तीस वर्षांनी जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. माझा अनुभव लहान गावांचा जास्त. मुंबईच्या दंडाधिकाऱ्याचा दिवस वेगळा असतो, त्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकणार नाही. शिवाय तुमची पहिली नेमणूक कुठे होते, तिथे तुम्ही एकट्याच न्यायाधीश असता की चार-पाच जण, कर्मचारी कसे मिळतात आणि घरून साथ किती, यावर पहिली पाच वर्षं कशी जातात ते बरंचसं ठरतं. एवढं गृहीत धरून पुढचं वाचा.

न्यायाधीश म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठा निकाल येतो. सत्कार-समारंभात आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव घेतल्याशिवाय कुणी बसत नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण पेशव्याला देहान्त प्रायश्चित्त सांगण्याचा प्रसंग आयुष्यात एकदा येतो, तोही क्वचित कुणाच्या. तालुक्याच्या न्यायाधीशापुढे रोज बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, साठ-सत्तर प्रकरणं असतात. त्यातल्या बहुतेकांत तो दिवस एका लहानशा हुकमाचा असतो: तारीख द्यायची की नाही, वॉरंट काढायचं की समन्स, मुद्देमाल परत द्यायचा का, आरोपीला कोठडी की जामीन. माणूस या कामाला लायक आहे की नाही, ते मला या लहान हुकमांतच दिसत आलंय. मोठ्या निकालाला वेळ असतो, दोन्ही बाजूंचे वकील तयारीने आलेले असतात, वर अपील असतं. रिमांडला, म्हणजे अटक केलेल्या आरोपीच्या कोठडीच्या सुनावणीला, यातलं काहीच नसतं.

माझ्या पहिल्याच नेमणुकीतली गोष्ट सांगते. रुजू होऊन तीन महिने झाले असतील. संध्याकाळी साडेपाचला, बोर्ड संपवून उठणार तोच पोलिसांनी विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याच्या गुन्ह्यात तीन आरोपी आणले. रिमांड रिपोर्टात लिहिलं होतं: मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, साथीदारांचा शोध घ्यायचा आहे. तीन दिवस पोलीस कोठडी मागितली होती. आरोपींना वकील नव्हता. मी रिपोर्ट वाचला, दोन दिवस मंजूर केले, सही केली. तिघं समोर उभे होते, पण मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आली. तिघांतला एक तिचा मुलगा होता. वय पंधरा. १९८६ च्या तेव्हाच्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत पाठवताच येत नव्हतं, आणि मी त्याला एक रात्र लॉकअपमध्ये पाठवलं होतं. त्याला लगेच आणवून आईच्या ताब्यात जामिनावर दिलं. पण ती रात्र मी परत देऊ शकत नव्हते. पोलिसांनी वय एकोणीस लिहिलं होतं, हे खरं. पण मान वर करून त्या पोराच्या तोंडाकडे एकदा पाहिलं असतं, तरी शंका आली असती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. आणलेल्या प्रत्येकाला जवळ बोलवायचं आणि पोलिसांना चार पावलं मागे उभं करायचं. नाव काय, वय किती, कधी पकडलं, घरी कळवलंय का, मारहाण झाली का, वकील हवा का, हे स्वतः त्याच्या भाषेत विचारायचं आणि उत्तर रिमांडच्या हुकमातच लिहायचं. एका माणसाला चार मिनिटं लागतात. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल आला. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी या गोष्टी त्यात बंधनकारक झाल्या. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने तर दंडाधिकाऱ्याला स्पष्टच बजावलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का गरजेची होती, याची पोलिसांनी दिलेली कारणं तपासल्याशिवाय कोठडी मंजूर करायची नाही. कोठडीसाठी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७ आहे, पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६७ होतं. कलमाचा आकडा बदलला, तरी डायसवर बसलेल्या माणसाने मान वर करायची असते, हे बदललेलं नाही.

तुमच्या हळवेपणाचा मुद्दा मी इथे जोडते. माझी त्या दिवशीची चूक हळवेपणातून झालेली नव्हती. थकवा होता, घाई होती, आणि कागदावर जास्त विश्वास होता. माणसाचं दुःख पाहून आत काही हलतच नाही, असे सहकारीही मी पाहिलेत. काही वर्षांनी त्यांचे हुकूम एकाच साच्यातले होतात. तेव्हा भरून येणं ही अपात्रता आहे, असं मी मानत नाही.

पण उलट बाजूची चूकही माझ्याकडून झाली आहे, आणि तुम्हाला ती जास्त उपयोगी पडेल.

तुम्ही दिवाणी बाजूला काम करताय, तेव्हा निशाणी ५ म्हणजे काय हे सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच: दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकमासाठी जो अर्ज येतो, त्याला आपल्या कोर्टांत बहुतेकदा पाचवा निशाणी क्रमांक पडतो, म्हणून सगळे त्याला ‘निशाणी ५’ म्हणतात. गावाकडच्या अर्ध्या दाव्यांचं भवितव्य तिथेच ठरतं, कारण मूळ दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात आणि तोवर ज्याच्या बाजूने निशाणी ५ झाली, त्याचाच ताबा, त्याचीच वहिवाट.

माझ्यापुढे दोन चुलतभावांचा दावा होता. विहीर सामाईक, वाद पाण्याच्या पाळीचा. धाकट्याची परिस्थिती हलाखीची. उसाला पाणी नाही, बायको आजारी, आणि थोरला मोटार लावू देत नाही. दोन्ही वकिलांना सांगून, दोघांनाही सोबत घेऊन मी जागा पाहायला गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेत न्यायालयाला स्वतः पाहणी करायची मुभा आहे. ऊस डोळ्यांदेखत वाळत होता. मी हुकूम केला: आठ दिवसांच्या पाळीत दोघांना चार-चार दिवस पाणी. समसमान दिलं की कुणाची तक्रार उरणार नाही, असं मला वाटलं. आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती, त्या रात्री मात्र लागली.

थोरला किरकोळ दिवाणी अपिलात गेला आणि जिल्हा न्यायाधीशांनी माझा हुकूम फिरवला. ते बरोबर होते. जुन्या वाटणीपत्रात विहिरीचा हिस्सा स्पष्ट लिहिलेला होता: धाकट्याच्या बापाचे चार आणे, थोरल्याच्या शाखेचे बारा आणे. म्हणजे आठ दिवसांत दोन आणि सहा. वाटणीपत्राची नक्कल माझ्याच फाइलमध्ये होती आणि मी ती वाचलीही होती. पण वाळलेला ऊस पाहून आल्यावर ते आणे माझ्या नजरेतून उतरले. गंमत म्हणजे धाकट्याला त्याच्या दोन दिवसांचंही पाणी मिळत नव्हतं. मी हिश्श्याप्रमाणे हुकूम केला असता तर त्याचा ऊस जगला असता आणि हुकूम अपिलातही टिकला असता. चार दिवस देऊन मी त्याचं नुकसान केलं, कारण अपिलात हुकमाला स्थगिती मिळाली आणि त्या काळात त्याला काहीच मिळालं नाही.

म्हणून झेपण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. भरून आलं तर येऊ द्या. पण मनात आलेलं प्रत्येक मत कागदावर कारण म्हणून लिहून पाहा. ‘धाकटा गरीब आहे म्हणून अर्धं पाणी’ हे वाक्य मी हुकमात लिहायला बसले असते, तर ते लिहिता आलं नसतं. मी ते न लिहिता फक्त मनात ठेवलं आणि हुकमात ‘समन्यायी’ असा एक गुळगुळीत शब्द वापरला. तिथेच घसरले. सकृतदर्शनी केस, सोय-गैरसोयीचा तोल, न भरून येणारं नुकसान या तीन कसोट्या तुम्ही रोज युक्तिवादात घोकता. त्या याचसाठी आहेत की आपली दया कुठल्या वाटेने हुकमात शिरली, ते दुसऱ्याला तपासता यावं.

अपिलात हुकूम फिरला याचं वाईट वाटतं का? पहिली दोन वर्षं फार वाटतं. नंतर समजतं की वरचं न्यायालय असतं म्हणूनच खालच्याला निर्भयपणे निर्णय देता येतो. मी त्या जिल्हा न्यायाधीशांचा निकाल माझ्या टेबलाच्या खणात कित्येक वर्षं ठेवला होता.

हळवेपणा उघडपणे कामी येतो तो जबाबाच्या वेळी. जुन्या भाषेत ‘एकशे चौसष्टचा जबाब’, आता नव्या संहितेचं कलम १८३. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पीडितेचा जबाब शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यानेच नोंदवावा, असं आता कायदाच म्हणतो, म्हणजे हे काम तुमच्या वाट्याला जास्त येणार. या कामाची तयारी कुठल्याही परीक्षेत होत नाही. माझी पद्धत अशी होती: चेंबरमध्ये पोलीस नकोत, टेबलाच्या पलीकडे बसवायचं नाही, शेजारी खुर्ची द्यायची. आधी दहा मिनिटं शाळा, घर, गाव याबद्दल बोलायचं. आणि मुलगी जे शब्द वापरेल तेच उतरवायचे. बारा वर्षांची मुलगी ‘लैंगिक अत्याचार’ म्हणत नाही. ती तिच्या शब्दांत सांगते, अडखळत, मागे-पुढे. स्टेनोला सवय असते वाक्य ‘नीट’ करून घ्यायची. ती करू द्यायची नाही. त्या मुलीचं वाक्य तुम्ही सुधारलंत, की दोन वर्षांनी उलटतपासात बचावाचे वकील विचारणार, ‘हा शब्द तुझा आहे का?’ आणि ती खरं तेच सांगणार, ‘नाही’. अशा वेळी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर आत जाऊन तोंड धुऊन या. तिच्यासमोर नको, कारण मग ती तुम्हाला सांभाळायला लागते. मी हे होताना पाहिलंय.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येते.

कामाचा बोजा. प्रत्येक न्यायाधीशाला निकालांचे ‘युनिट’ ठरवून दिलेले असतात. कुठल्या प्रकारचं प्रकरण निकाली काढलं की किती युनिट, याचा तक्ता असतो, आणि गोपनीय अहवालात तो आकडा दिसतो. ही पद्धत का आली ते समजण्यासारखं आहे. १९८७ मध्ये विधी आयोगाने आपल्या १२० व्या अहवालात दाखवून दिलं की देशात दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत आणि ते पन्नास हवेत. आजही आपण त्या पन्नासपासून दूर आहोत, मग आहेत त्यांच्याकडून काम मोजून घेतलं जातं. पण या आकड्याचा मोह वाईट असतो. धनादेश न वटल्याची प्रकरणं तडजोडीत निघतात, किरकोळ गुन्ह्यांत कबुली येते, युनिट भरतात. आणि पंधरा वर्षं पडलेला वाटणीचा दावा, ज्यात तीन मयत पक्षकारांचे वारस आणायचे आहेत, तो पुन्हा पुढच्या तारखेला जातो. मी रोज सकाळी अकराला पहिलं प्रकरण जुन्यातलं घ्यायची, बोर्डावर ते कुठेही असलं तरी. वकील कुरकुरायचे. काही महिन्यांनी तयारीने यायला लागले. तारखेबाबत कडक राहा, पण कारण ऐकून मगच. तीनपेक्षा जास्त तहकुबी नको असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे, आणि ज्याची आई दवाखान्यात आहे असा वकीलही तुमच्यासमोर उभा राहणार आहे.

एकटेपण. तुमचे सीनियर यात खोटं सांगत नाहीत. तालुक्याच्या गावात तुम्ही वकिलांच्या घरच्या लग्नाला सहज जाऊ शकत नाही, चौकात उभं राहून चहा पिऊ शकत नाही, शेजारणीकडे मनमोकळं बोलताना तिच्या दिराचा दावा तुमच्याकडे आहे की काय हे आधी आठवावं लागतं. काल ज्यांना ‘अरे-तुरे’ करत होतात ते वकील मित्र दोन हात दूर होतात, आणि ते योग्यच असतं. पहिल्या वर्षी मी वर्तमानपत्राच्या पुरवण्या पाठ होईपर्यंत वाचायची. उपाय काय? सहकारी न्यायाधीशांशी मैत्री टिकवा, प्रशिक्षणातली बॅच आयुष्यभर पुरते. महाराष्ट्र न्यायिक अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे, तिथे जे मित्र मिळतील त्यांना रात्री फोन करता आला पाहिजे. कोर्टाशी संबंध नाही असं काहीतरी हाताला लावून घ्या. मी पेटी शिकले, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी.

बदल्या साधारण तीन वर्षांनी होतात. माझे यजमान बँकेत होते. सात वर्षं आम्ही वेगळ्या गावांत राहिलो आणि मुलीने चार शाळा पाहिल्या. तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही, पण पाचवीनंतर तिने वर्गात मैत्रिणी करणं थांबवलं होतं, हे मला उशिरा कळलं. लग्नाचं बोलणं चालू असेल तर हे समोरच्याला आधीच स्पष्ट सांगा. पती-पत्नी एकत्रीकरणाची विनंती विचारात घेतली जाते, पण ती मान्य होईलच असं धरून चालू नका.

पगार आता चांगला आहे, हे निःसंकोच सांगते. आमच्या वेळी तो पुरत नव्हता. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केल्या. त्यानुसार कनिष्ठ स्तराचं सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये, वरिष्ठ स्तराचं १,११,००० पासून आणि जिल्हा न्यायाधीशाचं १,४४,८४० पासून. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. शहरातला चांगला चाललेला वकील याहून कितीतरी जास्त मिळवतो. पण तालुक्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या वकिलाला हा आकडा काय वाटतो, ते मला माहीत आहे. फक्त त्या आकड्यासाठी येऊ नका. पाच वर्षांत त्याची सवय होते आणि फाइली तेवढ्याच राहतात.

दबावाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहून खोडल्यासारख्या केल्यात, म्हणून मीच स्पष्ट बोलते. तीस वर्षांत मला पुढाऱ्याचा थेट फोन दोनदा आला. दोन्ही वेळा मी ऐकून न घेता ठेवला आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना लेखी कळवलं. पुढे काही झालं नाही. याचं कारण माझं धाडस मानू नका. घटनेचं कलम २३५ वाचा: तालुका-जिल्ह्याच्या न्यायाधीशांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे, सरकारकडे नाही. नेमणुकीचा कागद शासनाकडून निघतो, पण बदली, रजा, चौकशी हे सगळं उच्च न्यायालय बघतं. हे नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात दुय्यम न्यायाधीश असताना त्यांच्या सार्वजनिक कामाचा इंग्रज सरकारला संशय आला. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली, आणि पुढच्या वर्षी वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत धुळ्याला. तिथे त्यांची पत्रंही फोडून वाचली जात. आज एखाद्या आमदाराला तुमची बदली करून घ्यायची असेल, तर त्याच्या हातात तो अधिकार नाही.

रोजचा दबाव वेगळा असतो. निनावी अर्ज होतात. कडक वागलात की वकील संघ बहिष्काराची भाषा करतो. एखाद्या गाजलेल्या प्रकरणात जामीन दिलात की गावात लोक तुमच्याकडे बघून बोलायचे थांबतात. यावर माझ्याजवळ एकच उपाय होता: हुकमात कारणं पूर्ण लिहिणं, तीही त्याच दिवशी. निनावी अर्जाच्या चौकशीत माझ्याकडून खुलासा मागितला गेला, तेव्हा माझ्या बाजूने बोलायला माझा रोजनामा, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद, आणि माझा हुकूम एवढेच होते, आणि ते पुरले.

बढतीचं थोडक्यात. कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीशांच्या जागांपैकी निम्म्या नेहमीच्या बढतीने, पाव मर्यादित विभागीय परीक्षेने आणि पाव थेट भरतीने, असं प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने पुन्हा ठरवून दिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये घटनापीठाने आणखी एक दार उघडलं: वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं भरत असतील, तर सेवेतल्या न्यायाधीशालाही थेट भरतीसाठी अर्ज करता येतो. वयाची अट किमान पस्तीस. तेव्हा तिशीच्या आत सेवेत आलात तर पुढची वाट पूर्वीइतकी सावकाश राहिलेली नाही.

आता तुमच्यापुढचा ताबडतोबीचा मुद्दा. त्याच मे २०२५ च्या निकालाने, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, कनिष्ठ स्तरासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. तुम्ही म्हणता, ‘माझी दोन वर्षं वाया गेली.’ मला तसं मुळीच वाटत नाही. ही वर्षं वकिलीच्या तात्पुरत्या नोंदणीपासून धरली जातात, म्हणजे तुमचं तिसरं आता पूर्ण होईल. किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा. ते आधीच मार्गी लावा, आणि जाहिरात आली की तेव्हाच्या अटी शब्दन्‌शब्द वाचा. पूर्वपरीक्षा शंभर गुणांची, मुख्य परीक्षेत दिवाणी आणि फौजदारीचे दोन पेपर, आणि पन्नास गुणांची मुलाखत. ही चौकट तुम्हाला माहीत आहेच. नव्या तीन फौजदारी कायद्यांची कलमं जुन्यांसोबत जोडीने पाठ करा, कारण १ जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्यांच्या फाइली अजून कित्येक वर्षं तुमच्यासमोर जुन्या कलमांनीच येणार आहेत.

मुलाखतीत तुम्ही कुठे अडलात तेही लिहिलंय: ‘आरोपी निर्दोष आहे असं मनाला वाटतं पण पुरावा विरुद्ध आहे, काय कराल?’ असं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, ‘मन सांगेल ते करेन.’ त्या वेळी तुम्ही नुकत्याच पदवीधर झाला होतात. आता दोन वर्षं कोर्टात बसल्यावर तुम्ही तेच उत्तर द्याल असं मला वाटत नाही. मी मंडळात असते तर मला एवढंच ऐकायचं असतं की मनाला तसं का वाटतंय हे तुम्ही पुराव्यात शोधाल. बहुतेक वेळा ते कुठेतरी असतं: एखाद्या पंचाच्या उत्तरात, वेळेच्या तफावतीत, न पाठवलेल्या नमुन्यात. सापडलं तर तो संशयाचा फायदा होतो, तो लिहिता येतो. नाही सापडलं तर मनाचं ऐकायचं नाही.

आणि या तिसऱ्या वर्षात एक गोष्ट करा, ती मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या न्यायाधीशाला सांगत आले. तुमच्या ऑफिसशी संबंध नसलेली एक निशाणी ५ निवडा. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद मागच्या बाकावर बसून पूर्ण ऐका. त्याच रात्री, हुकूम व्हायच्या आधी, तुमचा हुकूम लिहा, तीन-चार पानांचा, कारणांसह. तो कुणाला दाखवू नका, सीनियरनाही नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. कोर्टाचा हुकूम झाला की नक्कल मिळवा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. निकाल जुळला का, हे शेवटी पाहा. आधी पाहा, न्यायाधीशांनी वाचलेला कुठला कागद तुमच्या हुकमात आलाच नाही, आणि तुम्हाला कुणाबद्दल वाईट वाटलं होतं त्याचा तुमच्या कोणत्या परिच्छेदावर परिणाम झाला. महिन्याला दोन याप्रमाणे वर्षात चोवीस हुकूम होतात. दहाव्या-बाराव्यानंतर हे लिहिणं तुम्हाला जड जातंय की आपलंसं वाटतंय, ते तुमचं तुम्हालाच समजेल, आणि ते माझ्यापेक्षा किंवा तुमच्या वडिलांपेक्षा तुम्हाला जास्त खात्रीने समजेल.